मामांचा कॉमन रूळ

मामांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव, शिक्षण, पगार यातलं काहीच विचारलं नाही. "आत येताना फाटक लावलं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "लावलं." "नक्की?" "नक्की." मग मामा उठले, माझ्या आईवडलांच्या समोरून चालत अंगणात गेले, फाटकाची कडी हलवून पाहिली आणि परत येऊन खुर्चीत बसले. "लावलंय," असं त्यांनी मामींना सांगितलं. मी मुलगी बघायला आलेलो, पोह्यांची बशी हातात, आणि माझ्या शब्दाची ही किंमत! तेव्हाच उठून शिरूरचा रस्ता धरणार होतो. पण दाराआडून सुजाताचं हसू ऐकू आलं आणि मी बसून राहिलो.

बोलणी करतानाही मामांची एकच हरकत होती. "शिरूरला रेल्वे न्हाई," ते म्हणाले. माझे वडील भोळे. "नाही खरं, पण एस. टी. भरपूर आहेत," असं म्हणाले. "एस. टी. कुठनंबी वळती," मामा म्हणाले. "रूळ असला म्हंजी माणूस कुठनं येणार आन् कुठं जाणार ते आधी ठावं असतं. बिनरुळाच्या गावचा भरवसा कसा धरायचा?" त्यावर मामी आतून म्हणाल्या, "पोराला मोटरसायकल हाय की! आन् तुमची गाडी तरी कवा टायमावर येती?" त्या एका वाक्यावर माझं लग्न जमलं असं मी अजून मानतो. मामा सासरे, मामी सासूबाई, आणि मी कायमचा संशयित.

मामा रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते. पुण्याहून दौंडकडे येणाऱ्या लायनीवरच्या लहानसहान स्टेशनांत उमेदीची वर्षं गेली आणि शेवटी दौंडातच घर बांधून राहिले. रेल्वेत एक पद्धत असते. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनच्या मास्तरला फोनवर विचारायचं, लाईन मोकळी आहे का? तो "मोकळी आहे" म्हणाला तरी नुसत्या शब्दावर गाडी सोडायची नाही. त्यानं त्याच्याजवळच्या तक्त्यातला पुढचा आकडा सांगायचा. त्याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. आकडा मिळाला म्हणजे माणूस शुद्धीवर आहे, विचार करून बोलतोय, आणि उद्या नाकबूल करणार नाही. रेल्वेनं ही सोय गाड्यांसाठी केली होती. मामांनी ती संसाराला लावली.

"गॅस बंद केला?" मामा बाहेरून विचारायचे. "केला," मामी आतून. "नंबर?" "त्रेपन्न!" गल्लीतली पोरं याच्यावरून त्यांना 'प्रायव्हेट नंबर' म्हणायची. मामी मात्र त्यांना पुरून उरल्या होत्या. दुधावर झाकण असो, मागच्या दाराची कडी असो, त्या डोळे झाकून त्रेपन्न सांगायच्या. एक दिवस मामांच्या ते ध्यानात आलं. "रोज त्रेपन्नच कसा येतो गं? न बघताच सांगतीस तू!" "मग काय तुमच्यासाठी रोज सोडत काढू?" म्हणत मामींनी पातेलं आपटलं. दुसऱ्या दिवसापासून आकडा बदलायला लागला आणि मामांचं समाधान झालं. झाकण ठेवलेलं असायचं की नाही, ते मला विचारू नका.

माझ्यावर त्यांचा विशेष डोळा होता, कारण मी सणसवाडीला एका कारखान्यात इलेक्ट्रिकची पॅनेलं बनवतो. म्हणजे करंटशी रोजचा संबंध. मामांच्या मते करंट ही डोळ्यांना न दिसणारी वस्तू असल्यामुळे तिच्या धंद्यातली माणसं मुळातच संशयास्पद. एकदा त्यांच्या हॉलमधला पंखा मी दुरुस्त करून दिला. बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची ओढून मामा शेवटपर्यंत माझ्या हाताकडे बघत बसले. पंखा फिरायला लागला. मी जरा ऐटीत म्हटलं, "झाला बघा मामा." "आत्ता झाला," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर काय करतोय ते बघू." घरी येताना न्हावऱ्यापर्यंत मी धुसफुसत होतो आणि मागे बसलेली सुजाता हसत होती. तिला लहानपणापासून सवय.

मग मामी गेल्या. आजारपण थोडंच झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी येऊन सांगितलं तेव्हा मामांनी त्यांच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "नक्की?" जन्मभर आम्ही ज्या शब्दाला हसलो, तो त्या दिवशी ऐकवला नाही. सुजातानं त्यांचा हात धरला. मामांनी परत काही विचारलं नाही.

त्यानंतर घर त्यांना खायला उठलं. सुजाता म्हणत होती, शिरूरला चला. मामा म्हणत होते, तिथं रेल्वे न्हाई. शेवटी त्यांनी स्वतःच एक उद्योग काढला. पुण्याला कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी छोटी रेल्वे पाहिली होती. इंजिन तळहाताएवढं, पण हुबेहूब. तसे रूळ, दोन इंजिनं, डबे, असं एकेक करत आणलं आणि मागच्या खोलीत लाकडी घोड्यांवर दोन जुनी दारं आडवी टाकून त्यावर यवत, केडगाव, पाटस आणि दौंड वसवलं. मी पाहायला गेलो तेव्हा ते पाटसच्या फलाटाला काडेपेटीच्या काड्यांचं कुंपण घालत होते. मला बघून पहिलं वाक्य, "हात लावू नका."

आता यातली गोम सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या छोट्या गाड्यांना करंट रुळातूनच मिळतो. एका रुळातून येतो, इंजिनातून जातो, दुसऱ्या रुळातून परत. त्यामुळे एका मार्गावर दोन गाड्या ठेवल्या की दोन्ही एकदमच पळतात, एकदमच थांबतात. मामांना हे कसं चालावं? "दोन गाड्या एकाच माणसाच्या हातात? त्याला डुलकी लागली म्हंजी?" त्यांनी दोन कंट्रोलर बसवले, एकेका गाडीला एकेक. कंट्रोलर म्हणजे एक डबी. तिच्यावर वेग कमीजास्त करायची चकती आणि गाडी पुढं न्यायची की मागं, ते ठरवणारा खटका. मग एक रूळ जागोजाग कापून मधे प्लास्टिकचे तुकडे घातले आणि त्याचे चार सेक्शन केले, एकेका स्टेशनचा एकेक. प्रत्येक सेक्शनला एक स्विच. वर केला तर तो सेक्शन पहिल्या कंट्रोलरचा, खाली केला तर दुसऱ्याचा, आणि मधे ठेवला तर बंद. दुसरा रूळ मात्र कुठंही न कापता गोल अखंड ठेवला. तो दोघांचा. त्याला म्हणायचं कॉमन रूळ.

मधे ठेवलेला स्विच मामांचा सगळ्यात लाडका. "मधी म्हंजी कुणाचाच न्हाई," ते म्हणायचे. "माणसानंबी दिवसातनं जास्त वेळ मधीच ऱ्हावं." मी म्हटलं, "मामा, खालून वायरिंग बघू का जरा? माझं रोजचंच काम आहे." फळीच्या चारी बाजूंनी त्यांनी मामींच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. तो त्यांनी नीट ओढून घेतला. "कंपनीच्या माणसानं एकदा हात लावला की मग दर म्हयन्याला त्यालाच बोलवावं लागतंय. ऱ्हाऊ द्या."

दुसरा कंट्रोलर कुणाच्या हातात द्यायचा, हा मोठा प्रश्न होता. शेवटी शेजारच्या आप्पांचा नंबर लागला. आप्पा मालगाडीचे ड्रायव्हर होते, मामांच्याच वयाचे, तेही रिटायर. बोलायला मोकळे, हसायला मोठे. संध्याकाळी चहा झाला की दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचे. मामांची पॅसेंजर, आप्पांची मालगाडी. "मास्तर, पाटस द्या!" आप्पा ओरडायचे. मामा पाटसचा स्विच खाली करायचे, तोही कुरकुरत. "स्पीड बघ तुझी. अशीच चालवली असणार जन्मभर." "अहो, जन्मभर तुम्हीच शिग्नल धरून ठेवला, स्पीड कुठली मिळतीय!" मामी गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलणं ऐकू यायला लागलं. सुजाता फोन ठेवून म्हणायची, चला, बाबांचं बरं चाललंय.

आणि मग भांडण लागलं. एके दिवशी आप्पांचा सुजाताला फोन. "पोरी, तुझा बाप माझा करंट काढून घेतोय." म्हणजे काय, तर आप्पांनी मालगाडी शंटिंगला मागं घेतली की ती जागच्या जागी मरायची. आप्पांचं म्हणणं, मास्तर मुद्दाम फळीखालून काहीतरी करतो. सुजातानं मामांना फोन लावला तर तिकडून वेगळीच तक्रार. "आप्पा माझी पॅसेंजर ढिली करतोय. त्यानं खटका मागं टाकला की माझी गाडी रांगायला लागती. जळका वासबी येतोय. त्यानं वायरिंगमधी हात घातलाय." दोन म्हातारे, दोन खेळण्यातल्या गाड्या आणि एकमेकांवर चोरीचा आळ! आम्ही आधी पोट धरून हसलो.

रविवारी दौंडला जाऊन मी स्वतः पाहिलं. दोन्ही गाड्या झकास पळत होत्या. तासभर पळाल्या. पुढच्या खेपेलाही तेच. मी म्हटलं, "मामा, कुठं बिघडलंय? चांगल्या तर चालतायत." मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आला की बरोबर चालतंय. तुम्ही गेला की बिघडतंय. याचा अर्थ काय काढायचा जावईबापू?" मी भडकलो. "म्हणजे मी शिरूरहून इथं तुमची गाडी बिघडवायला येतो?" "मी नाव कुठं घेतलं?" मामा म्हणाले आणि पाटसचा स्विच मधे ठेवला.

हसण्यावारी न्यायचं ते इथपर्यंत. पुढं त्यांनी मागच्या दाराला नवं कुलूप लावलं आणि आप्पांना यायची बंदी केली. आपण मंडईला गेलो की आप्पा घरात शिरतात असा त्यांचा पक्का समज झाला होता, कारण आप्पा येत नसतानाही गाड्या मधूनच मरत होत्या. मग त्यांनी मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत गव्हाचं पीठ पसरून ठेवायला सुरुवात केली. पावलं उमटावीत म्हणून! आणि पावलं उमटली. मामांच्याच चपलेची. सुजाता म्हणाली, "बाबा, ही तुमचीच आहेत." मामा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या मापाची चप्पल घालून आला."

सुजाता गाडीत बसली आणि रडली. मामींच्या बहिणीला शेवटी शेवटी असंच झालं होतं. घरातलीच माणसं चोर वाटायची, भाकरीत विष दिसायचं. "त्यांना एकट्याला ठेवायचं नाही आता," ती म्हणाली. "घर बंद करू. शिरूरला आणू." मी कधी नव्हे ते मामांची बाजू घेतली, म्हटलं, दौंडातून उपटून आणलं तर माणूस महिन्यात अंथरूण धरेल. "आणि इथं एकट्यानं गॅस उघडा ठेवला तर?" खरं सांगायचं तर पीठ पाहिल्यापासून मलाही तीच धास्ती होती. जन्मभराचा संशय कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो, ते कोण सांगणार? ज्या माणसाचं निदान करायचं, तो आधीपासूनच असा!

मामांना सांगितलं तेव्हा ते भांडले नाहीत, हे जास्त वाईट वाटलं. "तुमचं ठरलंय का?" एवढंच विचारलं. सुजाता म्हणाली, "ठरलंय बाबा." त्यांनी तिला नक्की का म्हणून विचारलं नाही. गप कपाटाकडे गेले आणि कपडे काढायला लागले.

न्यायच्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन गेलो. हॉलमध्ये बॅग भरून ठेवलेली, सुजाता स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होती. मामा मागच्या खोलीत उभे होते. दोन्ही गाड्या लायनीवर होत्या. "गाडी लाईनवर सोडून डूटी संपवायची नसती," ते म्हणाले. "पॅसेंजर दौंडला लावतो आन् मालगाडी मागं यार्डात घेतो. मग निघू." मी दारात टेकून उभा राहिलो. त्यांनी पॅसेंजर पुढं काढली. ती यवतवरून छान निघाली. मग दुसऱ्या कंट्रोलरचा खटका त्यांनी मागं टाकला.

मालगाडी हललीच नाही. आणि केडगावजवळ पोचलेली पॅसेंजर माझ्या डोळ्यांदेखत रांगायला लागली. खालून घुंईं असा आवाज आला आणि कंट्रोलरमधून गरम वास. मामा माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. "बघा," ते म्हणाले, "आता तर आप्पाबी न्हाई."

मला एकदम लख्ख दिसलं. "मामा, आम्ही यायचो तेव्हा तुम्ही गाडी मागं का घेत नव्हता?" "पब्लिकसमोर कुणी शंटिंग करतं का?" ते म्हणाले, जणू हे लहान पोरालाही कळावं. हात तिच्या! पाहुणे आले की दोन्ही गाड्या पुढं; पाहुणे गेले की एक पुढं, एक मागं. मी विचारलं, "दोन्ही कंट्रोलरना पावर कुठून दिलीय?" मामांचा हात पडद्यावर गेला. "मामा, मी काही चोरत नाही. कुठून दिलीय?" त्यांनी हळूच लुगड्याचा पडदा वर केला. खाली एकच ट्रान्सफॉर्मर होता आणि त्यातून दोन्हीकडे वायरी गेल्या होत्या.

"एकच?" मी ओरडलो. "मग?" मामाही ओरडले. "दोन ठिकाणनं करंट आला तर चोर कोण ते कळणार कसं? एकाच जाग्यावर लक्ष ठेवता येतं!" मी तिथंच खाली बसून हसलो. एक गाडी पुढं आणि एक मागं म्हटल्यावर, पहिला कंट्रोलर कॉमन रुळाला उणे जोडणार आणि दुसरा त्याच रुळाला अधिक. पावर वेगवेगळी असती तर काही बिघडलं नसतं. दोघांचे दोन वेगळे संसार. एकच असल्यामुळे करंट गाडीकडे न जाता कॉमन रुळातून आपल्याच घरी परत जात होता. आप्पा निर्दोष, मी निर्दोष, पिठावरची पावलं मामांची. चोर त्यांनी स्वतःच्या हातानं, राखणीसाठी म्हणून, घरात घेतलेला.

मी ते कागदावर काढून दाखवलं. मामांनी दोनदा बोट फिरवून पाहिलं. मग खुर्चीत बसले. "लायनीवरबी रूळ कॉमनच असतो," ते सावकाश म्हणाले. "इतकी वर्षं सगळ्यांवर संशय घेतला, जावईबापू. रुळावर न्हाई घेतला." सुजाता दारात उभी होती, हातात तिखटाचा डबा. तिनं विचारलं, "म्हणजे बाबांना काही झालेलं नाही?" "काही नाही," मी म्हटलं, "फक्त एक ट्रान्सफॉर्मर कमी आहे." ती तो डबा घेऊन परत स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीवर ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा डबा. मग तिसरा.

दुसरा ट्रान्सफॉर्मर मी त्याच आठवड्यात बसवला. मामा टॉर्च धरून शेजारी, माझ्या प्रत्येक स्क्रूवर नजर. आप्पांची माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, तशी अपेक्षाही नव्हती. ते आप्पांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दुसरा कंट्रोलर मोकळा हाय." आप्पा आतून म्हणाले, "व्हय? मग चहा घेऊन येतो." त्या संध्याकाळी मालगाडी इतक्या वेळा मागं घेतली गेली की इंजिन तापलं. मामा म्हणाले, "मुद्दाम करतोय." पण म्हणताना हसत होते. मी त्यांना हसताना तसा फारसा पाहिला नव्हता.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. मामा दौंडातच राहिले, आप्पांशी भांडत, फाटकाची कडी हलवत. सुजातानं मोबाईल घेऊन दिला तर म्हणाले, "व्हिडिओवर माणूस नुसता वरचा दिसतो, हातात काय हाय ते कळत न्हाई." तरी रोज फोन उचलायचे. माझ्याबद्दलचं मतही थोडं सुधारलं होतं; शेजाऱ्यांना ओळख करून देताना ते म्हणत, "आमचे जावई. कंपनीत असतात, पण बरे हायत." मला तेवढंही पुरत होतं. वर्षानुवर्षं ज्याच्यासमोर आरोपी म्हणून उभं राहायचं, त्याच्या तोंडून 'बरे' ऐकलं की घरी येऊन बायकोला सांगावंसं वाटतं. मी सांगायचो.

एके दिवशी सकाळी मी कारखान्यात होतो तेव्हा मामांचा फोन आला. त्यांनी मला असा कधी फोन केला नव्हता. करायचे ते सुजाताला. "जावईबापू, गाडी घेऊन या," ते म्हणाले. "मला शिरूरला न्या." मला वाटलं आप्पांशी वाजलं. मी म्हटलं, "काय झालं मामा?" मग म्हणाले, "पॅसेंजर मी आप्पाच्या सेक्शनमधी घातली. समोरनं मालगाडी येत होती. आदळली. परवाबी आदळली. आप्पा बोलला न्हाई, पण मी बघितलं. स्विच मीच फिरवला हुता आन् मला आठवत न्हाई." मी म्हटलं, "वायर सैल झाली असेल कुठंतरी." "तेच वाटलं मला," ते म्हणाले. "म्हणून सगळी तपासली. वायर बरोबर हाय. आता गॅसचं मला सांगता येत न्हाई. या तुम्ही."

सुजाताला फोन केला. हीच बाई कधी काळी बाबांना घेऊन यायला निघाली होती. आज ती रडत म्हणाली, "तुम्ही एकदा बघा ना वायर. मागच्या वेळी निघालं होतं ना काहीतरी. असेल कुठंतरी सुटलेली." मी दौंड गाठलं. बॅग भरून दारात ठेवलेली. आप्पा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी मान फिरवली. मी मामांना म्हटलं, "आधी वायरिंग बघतो." मला वाटलं, नाही म्हणतील. मामा मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी स्वतः पडदा वर करून धरला. "बघा," ते म्हणाले. "तुमच्या जाग्यावर असतो तर मीबी बघितलं असतं."

मी फळीखाली आडवा झालो. एकेक स्विच, एकेक सेक्शन, एकेक जोड पाहिला. इतकं नीटस वायरिंग मी आमच्या कारखान्यातही फार कमी पाहिलंय. प्रत्येक वायर दोऱ्यानं बांधलेली, प्रत्येक टोक घट्ट. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या वेळी मी मनातून एक सैल स्क्रू मागत होतो. मिळाला नाही. माझा स्क्रू-ड्रायव्हर पाटसच्या जोडावर होता. अर्धा फेरा उलटा, बस. वायर सैल झाली असती, मी बाहेर येऊन म्हटलं असतं, हे बघा मामा, इथं सुटलं होतं; बॅग परत उघडली असती, आप्पा चहा घेऊन आले असते, सुजाताला मी तिथूनच फोन लावला असता. मला तिथून मामांचे फक्त पाय दिसत होते. चपला घातलेले, निघायच्या तयारीत.

"जावईबापू," वरून आवाज आला. रागाचा नव्हता. "चांगल्या वायरीला हात लावू नका."

मी हात मागं घेतला, बाहेर आलो आणि त्यांची बॅग उचलली.